न उघडलेली गोळी

२००५ च्या जानेवारीत आमची फौजी कंपनी इराकला गेली. मी पेनसिल्व्हेनियातच राहिलो.

निघण्याआधीच्या वैद्यकीय तपासणीत माझा उजवा कान नापास झाला. बीप ऐकू आला की बटण दाबायचं होतं. मी फार कमी वेळा दाबलं. डॉक्टरांनी ‘तैनातीस अपात्र’ असा शेरा मारला आणि माझी नेमणूक रिअर डिटॅचमेंटमध्ये झाली, म्हणजे मागे राहून घर सांभाळणाऱ्या सहा जणांत. हुद्दा स्पेशालिस्ट. काम युनिट आर्मररचं. बंदुका तपासणं, दुरुस्त करणं, मोजणं.

आमची आर्मरी, म्हणजे नॅशनल गार्डची स्थानिक इमारत, स्टेट कॉलेज या विद्यापीठाच्या गावाहून गाडीने चाळीस मिनिटांवर एका डोंगराळ गावात होती. सकाळी ०७३० ला मी आर्म्स रूम उघडायचो. कंपनीच्या रायफली कंपनीबरोबर गेल्या होत्या, त्यामुळे रॅकच्या रांगा रिकाम्या होत्या. मागे अकरा उरल्या होत्या. ०७४५ ला मोजायचो, अकरा. १६३० ला मोजायचो, अकरा. रजिस्टरवर सही करायचो. मधल्या वेळात वाचायचो. त्या एका वर्षात जेवढी पुस्तकं वाचली तेवढी कॉलेजातही वाचली नव्हती. बोलायला फारसं कोणी नव्हतं.

अमरावतीचा मुलगा अमेरिकन गार्डमध्ये कसा, हे मला नेहमी विचारतात. उत्तर साधं आहे. माझे काका न्यू जर्सीत डॉक्टर. त्यांनी भावासाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी, ग्रीन कार्डचा अर्ज केला होता, आणि बऱ्याच वर्षांनी आमच्या घराचा नंबर लागला तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. मला धातुशास्त्र शिकायचं होतं. गार्डमध्ये भरती झालं की विद्यापीठाची फी सुटत होती. महिन्यातून एक शनिवार-रविवार ड्रिल आणि उन्हाळ्यात दोन आठवडे कॅम्प, एवढंच सांगितलं होतं. २००२ साली मी सही केली.

बातमी काकूला जेवताना सांगितली. तिच्या हातातला डाव वरणातच राहिला.

“निंभोरकरांच्या घरात कोणी अंगणात काठी आपटली नाही, आणि तू बंदूक धरणार?”

“काकू, महिन्यातून दोनच दिवस.”

“दोन दिवसांत काय गोळी लागत नाही?”

“मॉम, ही विल जस्ट क्लीन देम,” चुलतभाऊ म्हणाला.

“तू गप्प बस आणि भात संपव.”

तो म्हणाला तेच पुढे खरं झालं.

स्टाफ सार्जंट ग्रेग हाइझर माझा स्क्वॉड लीडर होता. नऊ जणांची तुकडी त्याच्या हाताखाली. एरवी तो लाकूड कापणाऱ्या सॉ मिलमध्ये कामाला होता. पहिल्या रोल कॉलला तो माझ्या छातीवरच्या नावाच्या पट्टीसमोर थांबला.

“हे काय आहे?”

“निंभोरकर, सार्जंट.”

“पुन्हा.”

“निंभोरकर.”

“अर्धी एबीसीडी शिवलीय की इथे. आजपासून तू अल्फाबेट.”

लांब नावाच्या प्रत्येक सैनिकाला हे टोपणनाव मिळतं, असं नंतर कळलं. त्या वेळी मात्र ते फक्त माझं आहे असं वाटलं, आणि बरं वाटलं.

हाइझर कमी बोलायचा. रेंजवर माझ्या शेजारी आडवा पडून सांगायचा, “श्वास सोड. अर्धा सोड. आता.” उन्हाळी कॅम्पमध्ये मी रेडिओवर लांबलचक वाक्यं बोललो तर पलीकडून त्याचा आवाज यायचा: “अल्फाबेट, कादंबरी नको. कुठे आहेस आणि काय दिसतंय. ओव्हर.” माझ्या बॅगेत पुस्तक असतं हे त्याला माहीत होतं. एकदा पावसात त्याने स्वतःची प्लास्टिकची पिशवी काढून दिली, पुस्तकासाठी.

त्याला एकच नाद होता. ठासणीच्या बंदुकीचा. मेळघाटाकडच्या गावांत रानडुकरांना पळवायला अशा बंदुका असायच्या, त्यामुळे मला त्या ओळखीच्या होत्या. तोंडाकडून काळी दारू ओतायची, चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोल गोळी वर ठेवायची, गजाने ठासून तळाशी न्यायची. हाइझरची बंदूक चकमकीची होती. घोड्याच्या जबड्यात गारगोटीचा तुकडा, तो पोलादावर आपटून ठिणगी पाडतो. पेनसिल्व्हेनियात ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवसापासून काही आठवडे हरणाच्या शिकारीला फक्त असलीच बंदूक चालते.

दर डिसेंबरला तो म्हणायचा, “सव्वीसला ये. नुसता बघायला ये.”

मी म्हणायचो, “पुढच्या वर्षी, सार्जंट.” परीक्षा असायच्या, किंवा काकांकडे जायचं असायचं. तीन वर्षं दर डिसेंबरला मी हेच उत्तर दिलं.

२००५ च्या ऑगस्टमध्ये एका सकाळी १०१० ला आर्मरीतला फोन वाजला. मागे राहिलेल्या आम्हा सहा जणांचे कॅप्टन बोलले. दोन्ही बाजूंनी मिळून पाच-सहा वाक्यं झाली असतील. त्यांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “हाइझर. रस्त्याकडेचा स्फोट.” मग म्हणाले, “रायफली मोजल्यास?”

“हो सर. अकरा.”

“पुन्हा मोज.”

मी पुन्हा मोजल्या. त्यांना मला काहीतरी काम द्यायचं होतं.

अंत्यविधीला मी सलामीच्या तुकडीत होतो. सात रायफली, तीन फैरी. सलामीच्या काडतुसात गोळी नसते, नुसती दारू असते. वडील अर्ल हाइझर पुढच्या खुर्चीवर होते. सत्तरी ओलांडलेले, पत्नी आधीच वारलेली, ग्रेग एकुलता एक. घडी घातलेला झेंडा त्यांच्या मांडीवर ठेवला गेला. ग्रेग जागच्या जागी गेला, त्याला काही कळलंही नाही, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. ते तेच वाक्य भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. “जागच्या जागी,” ते म्हणायचे, आणि समोरचा मान हलवायचा.

२००६ च्या सुरुवातीला कंपनी परत आली. एकेक जण काउंटरवर रायफल जमा करून जात होता. मी नंबर वाचायचो, खूण करायचो, रॅकला लावायचो. स्पेशालिस्ट ओर्टिझ हाइझरचा रेडिओ ऑपरेटर होता. त्याने रायफल काउंटरवर ठेवली, पण हात काढला नाही.

“रेडिओवर मीच होतो,” तो म्हणाला. “मी विचारत होतो, हेलिकॉप्टर किती लांब? ते म्हणाले, दोन-शून्य मिनिटं, वीस. पाच मिनिटांनी विचारलं. म्हणाले, एक-पाच मिनिटं. मी घड्याळ बघत होतो, अल्फाबेट. तो बावीस मिनिटं जिवंत होता. शुद्धीत.”

उरलेलं त्याने काउंटरवर कपाळ टेकून सांगितलं. मग रायफलचा नंबर स्वतः वाचून दाखवला आणि गेला.

ही गोष्ट त्या दिवसापासून माझ्याजवळ राहिली. हाइझरच्या वडिलांना ती सांगायची की नाही, हे मी ठरवू शकलो नाही. सांगण्याचा अधिकार आपला नाही, असं स्वतःला म्हणत राहिलो. खरं म्हणजे धीर होत नव्हता.

त्याच वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी अर्ल यांचा आर्मरीत फोन आला.

“अल्फाबेट तूच ना? ग्रेगच्या पत्रांत तुझं नाव असायचं. तू बंदुका दुरुस्त करतोस?”

“हो सर.”

“मग शनिवारी ये.”

त्यांचं घर डोंगराच्या पायथ्याशी होतं. स्वयंपाकघराच्या टेबलावर ग्रेगची बंदूक आडवी ठेवलेली होती. त्यांनी मला कॉफी दिली आणि सरळ मुद्द्यावर आले.

“मी आयुष्यभर साध्या रायफलने शिकार केली. हा चकमकीचा नाद ग्रेगचा. या सीझनला मला याच बंदुकीने एक हरण मारायचंय. एकच. साखरेच्या आजाराने बोटं बधिर झालीत, पुढच्या वर्षी चाप कळेल की नाही सांगता येत नाही.” त्यांनी कप बाजूला सारला. “पण ते जागच्या जागी पडलं पाहिजे. ग्रेगने कधी जखमी हरण जंगलात सोडलं नाही. तसं जमणार नसेल तर आत्ताच सांग, बंदूक भिंतीवर टांगून ठेवतो.”

मी म्हणालो, “जमेल, सर.”

बंदूक उत्तम होती. नवी गारगोटी बसवली, घोड्याची स्प्रिंग साफ केली. प्रश्न गोळ्यांचा होता. तंबाखूच्या एका डबीत ग्रेगने ओतलेल्या सात गोळ्या शिल्लक होत्या. अर्ल यांना त्या वापरायच्या नव्हत्या. “राहू देत,” ते म्हणाले. “तू नव्या कर.”

त्या सात गोळ्या मी हातात घेऊन पाहिल्या. मळकट करड्या, कुठे कुठे सुरकुतलेल्या. शेजारी अंड्यांचा एक पुठ्ठ्याचा ट्रे होता. त्याच्या खळग्यांत हरणांच्या अंगातून काढलेल्या गोळ्या ठेवल्या होत्या, आणि प्रत्येक खळग्यात पेन्सिलीने आकडा, किती पावलांवरून मारली त्याचा. २५. ४०. ६०. सगळ्या चपट्या झालेल्या. काही छत्रीसारख्या पसरलेल्या, एक तर नाण्याएवढी सपाट.

धातुशास्त्रात आकार बदललेला नमुना म्हणजे नापास नमुना. फौजेत तर रायफलच्या गोळीवर तांब्याचं पूर्ण कवच असतं, ती आपला आकार सोडत नाही. मी तो ट्रे पाहिला आणि मनाशी म्हणालो, सार्जंट, तुझं शिसं फार मऊ होतं. तू या चुका मोजून ठेवत होतास. मी सुधारून देतो.

टायरच्या दुकानातून मी चाकांना तोलासाठी लावतात ती शिशाची वजनं आणली. त्यात अँटिमनी मिसळलेलं असतं, त्याने शिसं कडक होतं. मी वरून थोडं कथिल घातलं. अर्ल यांच्या कोठारात शेगडीवर लोखंडी भांडं ठेवून शिसं वितळवलं, ग्रेगच्या साच्यात ओतलं. गोळ्या सुरेख आल्या. चकचकीत, एकही सुरकुती नाही. त्या दोन शनिवारांत मी गेल्या वर्षभरात नव्हतो इतका सुखी होतो. त्याच्या साच्यावर त्याच्या हाताने झिजलेली लाकडी मूठ होती.

मग चाचणी घेतली. वर्तमानपत्रांचे गठ्ठे रात्रभर टबात भिजवले, तीन गठ्ठे एकामागे एक उभे केले, मागे ओंडका ठेवला. चाळीस पावलांवरून मारायचं. तुलनेसाठी मी अर्ल यांच्याकडे ग्रेगची एक गोळी मागितली. त्यांनी डबी उघडली, बराच वेळ निवडली, आणि एक दिली. “एकच.”

ग्रेगची गोळी दुसऱ्या गठ्ठ्याच्या मध्यावर थांबली होती. पसरून दुप्पट रुंद झाली होती, आणि कागदात मागे मूठ जाईल एवढी पोकळी पडली होती. माझी गोळी तिन्ही गठ्ठ्यांतून पार जाऊन ओंडक्यात घुसली. चाकूने कोरून काढली तेव्हा साच्यातून निघाल्यासारखी गोल होती. कागदात भोक फक्त बोटाएवढं होतं.

“बघा सर,” मी म्हणालो. “जशीच्या तशी.”

अर्ल यांनी ती गोळी अंगठा आणि बोटात फिरवली. काही बोलायला तोंड उघडलं, मग म्हणाले, “ठीक. आर्मरर तू आहेस.”

मी वहीत लिहिलं: नवी गोळी, भेदन दुपटीहून जास्त, आकार कायम. उत्तम.

सव्वीस डिसेंबर. ०६४० ला आम्ही घरातून निघालो. मी शिकारी नव्हतो, माझ्याकडे परवाना नव्हता, मी नुसता सोबत होतो. बर्फ अधूनमधून होता, सूचिपर्णी झाडांखाली जमीन उघडी होती. अर्ल हळू चालत होते. ओढ्याच्या वरच्या बाजूला एका पडलेल्या झाडामागे आम्ही बसलो. त्यांनी बंदूक भरली. माझी गोळी नळीत जरा जड जात होती, शेवटी गजावर मी जोर दिला. बंदुकीच्या कानावर रंजक, म्हणजे ठिणगी पकडणारी बारीक दारू, टाकून झाकण लावलं. मग वाट पाहिली.

०८१५ ला तीन माद्या उतारावरून आल्या. मधली थांबली. पस्तीस पावलं, पूर्ण आडवी. अर्ल यांनी बंदूक झाडावर टेकवली. मी मनात म्हणत होतो, अर्धा श्वास सोडा. ठिणगी, फुस्स, आणि मग बार. चकमकीच्या बंदुकीत तो मधला क्षण फार लांब असतो. अर्ल हलले नाहीत. धूर पांगला तेव्हा समोर कोणी नव्हतं.

“लागली,” ते म्हणाले. “पाठ वाकली तिची. बरोबर जागी लागली.”

अर्धा तास थांबायचं असतं, म्हणजे जखमी जनावर लांब पळत नाही. आम्ही थांबलो. ०८४५ ला जागेवर गेलो. बर्फावर थोडे केस होते, कापल्यासारखे. रक्त नव्हतं.

“असायला पाहिजे होतं,” अर्ल म्हणाले.

साठ पावलांवर रक्ताचा पहिला थेंब मिळाला. मोहरीएवढा. त्यानंतर वीस पावलं काहीच नाही. उघड्या जमिनीवर तिच्या खुणा बाकीच्या दोघींच्या खुणांत मिसळल्या होत्या. मी प्रत्येक थेंबाशी कागदाचा तुकडा ठेवत गेलो, अर्ल मागून रेषा बघत होते. १००० पर्यंत नऊ तुकडे झाले. ११३० पर्यंत चौदा. नंतर तासभर एकही नाही. अर्ल यांचे ओठ पांढरे पडले होते. मी म्हणालो, तुम्ही घरी जा, मी शोधतो. ते चालतच राहिले.

एका खडकावर त्यांना बसवलं, थर्मासमधली कॉफी दिली. मी खिशातून माझी उरलेली एक गोळी काढली. त्यांनी कोटाच्या वरच्या खिशात हात घातला आणि ग्रेगची एक काढली. ती त्यांनी सोबत आणली होती, नुसती जवळ असावी म्हणून. मी दोन्ही हातात घेतल्या आणि अंगठ्याचं नख दाबलं. ग्रेगच्या गोळीवर स्पष्ट खूण उमटली. माझ्या गोळीवर नख घसरलं.

तेव्हा मला अंड्यांचा ट्रे कळला. त्यातली प्रत्येक चपटी गोळी म्हणजे एक हरण, जे उभ्या जागी पडलं होतं. ठासणीची बंदूक गोळीला रायफलचा वेग देऊ शकत नाही. तिथे सगळं काम शिशाच्या मऊपणावर असतं. गोळी अंगात शिरून पसरते, तिथेच सगळा जोर सोडते, आणि जनावर लगेच संपतं. कागदातली ती मुठीएवढी पोकळी मी पाहिली होती, हाताने मोजली होती, आणि तिला नापास केलं होतं. माझी गोळी सुईसारखी आरपार गेली. हरणाला बहुधा कळलंही नसेल की ते मेलेलं आहे. ते चालत राहिलं.

“सर,” मी म्हणालो, “चूक माझी आहे. तुमचा नेम बरोबर होता. मी शिसं कडक केलं. गोळी उघडलीच नाही.”

अर्ल यांनी कॉफीचा घोट घेतला.

“मला वाटलं होतं, जरा जास्तच चकाकतेय,” ते म्हणाले. “पण तू इतक्या आनंदाने दाखवलीस.”

“तुम्ही बोलायला हवं होतं, सर.”

“हो.” कॉफी संपवून म्हणाले, “आमच्या लहानपणी मऊ टोकाच्या गोळ्यांना डमडम म्हणायचे.”

“ते गावाचं नाव आहे. कलकत्त्याजवळ. तिथे पहिल्यांदा बनल्या. नंतर युद्धात माणसांवर वापरायला बंदी आली.”

“आणि हरणावर?”

“हरणावर त्याच वापरायच्या. लवकर मरावं म्हणून.”

“आणि माणसाने?”

ते उठले. “चल. ती अजून चालतेय.”

१३२० ला ती सापडली. ओढ्याकाठच्या दाट झाडांत बसली होती, मान वर, आमच्याकडे बघत. उठायचा प्रयत्न केला, पुढचे पाय टेकले, मागचे उचलले गेले नाहीत. अर्ल यांनी माझ्याकडे हात पुढे केला. मी माझी गोळी ठेवली नाही. ग्रेगची ठेवली. त्यांनी स्वतः ठासली. गज सहज खाली गेला. पंधरा पावलं. या वेळी धूर पांगला तेव्हा ती जिथे होती तिथेच होती, मान खाली.

आम्ही तिच्याजवळ गुडघ्यावर बसलो. अर्ल यांची बोटं चाकूवर नीट बसत नव्हती, म्हणून ते सांगत गेले आणि मी कापत गेलो. मी हे काम कधी केलं नव्हतं. पहिल्या गोळीचं भोक दोन्ही बाजूंना सारखंच होतं, पेन्सिल जाईल एवढं. दुसरी गोळी पलीकडच्या कातडीखाली मिळाली. चपटी, कोमट. ती मी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी मूठ मिटली.

“पाच तास,” ते म्हणाले.

“पाच तास पाच मिनिटं, सर.”

त्यांनी मूठ कोटाच्या खिशात घातली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “ग्रेग जागच्या जागी गेला असं मला सांगितलंय. मी शंभर लोकांना ते सांगितलं. साठ वर्षं मी जनावरं मरताना पाहिलीत, अल्फाबेट. क्वचितच तसं होतं. तुमच्याकडे पोरं परत आली. तुला माहीत असेल.”

मी चाकू बर्फात पुसला.

“माहीत आहे, सर.”

“किती वेळ?”

“बावीस मिनिटं.”

त्यांनी मान हलवली. जणू अंदाज बरोबर ठरला.

“एकटा होता?”

“नाही. ओर्टिझ होता. डोकं त्याच्या मांडीवर होतं. शेवटपर्यंत.”

“दुखत होतं?”

“आधी. नंतर औषध दिलं.”

“काही बोलला?”

“ट्रकचं इंजिन बंद करा म्हणाला. दोनदा म्हणाला. आवाज फार होतोय म्हणाला.”

अर्ल यांनी डोळे मिटले. झाडांत वारा नव्हता. खाली ओढा ऐकू येत होता, तोही माझ्या डाव्या कानालाच.

“केलं का त्यांनी बंद?” त्यांनी विचारलं.

“हो सर. लगेच. सगळ्या गाड्या बंद केल्या.”

“बरं झालं,” ते म्हणाले. “बरं झालं.”

मग ते माझ्या खांद्याला धरून उठले. हरण ओढत घरी न्यायला आम्हाला अंधार पडेपर्यंत वेळ लागला.

२००८ मध्ये माझी सेवा संपली. अर्ल त्याच वर्षी वसंतात वारले. त्यांना पत्नी आणि मुलाच्या शेजारी पुरलं. मी स्टेट कॉलेजमध्येच एका लायब्ररीत नोकरी धरली आणि भाड्याच्या खोलीत एकटाच राहिलो. काकू दर रविवारी फोन करून विचारायची, “आता तरी फौज सुटली ना रे?” मी हो म्हणायचो.

स्टाफ सार्जंट ग्रेगरी हाइझर. वय चौतीस. गार्डमध्ये चौदा वर्षं. त्याच्या दगडावर नाव, हुद्दा आणि दोन तारखा कोरल्या आहेत. बावीस मिनिटांना तिथे जागा नव्हती, म्हणून ती इथे लिहून ठेवली.